वाफसा

आमची म्हैस बांध चाटायला लागली, तेव्हा आईला पहिल्यांदा शंका आली. मे महिन्यातली सकाळ होती. ऊस तुटून गेला होता, खोडव्याचे कोंब नुकते वर आले होते, आणि म्हैस पुढ्यातली वैरण सोडून बांधाच्या कडेला मातीवर जीभ फिरवत होती. आईनं तिथली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. "मीठ हाय," एवढंच म्हणाली. सरीच्या माथ्यावर पांढुरकी साय धरली होती, उन्हात चकाकत होती. आप्पांना वाटलं, खत उघडं पडलं असेल. पुढच्या उन्हाळ्यात ती साय चार सऱ्यांवर पसरली, त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्या रानावर.

मी तेव्हा लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या गावात नांदत होते. माहेर ओढ्याच्या अलीकडे, माळावर. सरकारी कागदावर त्याचं नाव 'पुनर्वसित गावठाण', पलीकडच्या गावाच्या तोंडी 'धरणग्रस्तांची वसाहत', आणि आमच्या तोंडी नुसतं 'गाव'. आम्ही इथं आलो त्याला पस्तीस वर्षं उलटून गेली. नवं गाव कसं वसतं आणि कुठं कुठं अडतं, हे मी या ओढ्याच्या दोन्ही काठांवरून पाहिलंय. त्याबद्दल एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

जुनं गाव वारणेच्या वरच्या अंगाला डोंगरात होतं. आता तिथं चांदोलीच्या धरणाचं पाणी आहे. त्याची साठवण ३४.४० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हा आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो. आजी काळ मोजायची तो मात्र भूकंपापासून. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. "भूकंपाच्या साली तुझा बाप गुरं राखायचा," "भूकंपानंतर दोन वर्सांनी ही म्हस घेतली," असं तिचं पंचांग. उतारावर नाचणी आणि वरी, खाली खाचरांत भात. माती तांबडी, पाऊस पडला की वाहून जाणारी. बांध घालायचे, ताली रचायच्या, पाणी अडवायचं आणि मातीला धरून ठेवायचं. डोंगरातली सगळी शेतकी त्या एका गोष्टीत होती, पाणी थांबवायचं. खाली सपाटीला आल्यावर याच्या बरोबर उलट शिकावं लागणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत?

निघालो त्या उन्हाळ्यात मी तिसरी पास झाले होते. ट्रकमध्ये आधी काय चढवायचं यावरून भावकीत वाद झाला. कुणी म्हणे धान्याच्या कणग्या, कुणी म्हणे घराचे वासे. आजोबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, आधी वाघजाई. देवीची मूर्ती अशी नव्हतीच, शेंदूर लावलेला तांदळा होता, म्हणजे बिनघडीव दगड. तो हलवायचा की नाही याचा कौल तीन वेळा लावला. दोनदा उजवा मिळेना. तिसऱ्यांदा कळी पडली तेव्हा बायका रडायला लागल्या, आणि त्या आनंदानं रडतायत की दुःखानं हे मला कळलं नाही, अजूनही सांगता येणार नाही. नवं टोपलं, त्यात भाताचा पेंढा, त्यावर देवी. टोपलं आजीच्या मांडीवर. सबंध रस्ताभर तिनं ते खाली ठेवलं नाही. तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती, त्यात नाचणीचं बी. त्याबद्दल पुढं सांगते.

धरणासाठी गाव सोडणारे आम्ही काही पहिले नव्हतो. १९२१ साली मुळशीला सेनापती बापटांच्या मागं मावळे उभे राहिले तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. कोयनेच्या माणसांना उठवलं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाही नव्हता. कोण कुठं गेलं याचा माग लागू नये इतकी ती माणसं पांगली. महाराष्ट्रात कायदा झाला तो १९७६ साली. तो काही कुणी आपणहून दिलेला नव्हता. बाबा आढाव, नागनाथअण्णा नायकवडी, पुढं भारत पाटणकर अशा माणसांनी धरणग्रस्तांना एकत्र केलं, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा गावोगाव नेली. आमच्या आप्पांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण ती घोषणा ते झोपेतून उठवलं तरी म्हणतील. जमिनीला जमीन मिळाली ती या माणसांमुळे. हे ऋण मोठं आहे आणि मी ते कधी विसरणार नाही.

पण जमीन मिळणं आणि गाव होणं यांत फार अंतर असतं.

पहिला पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला. जमिनीसाठी मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम भरून ठेवायची होती, ती भरली. कागद हातात आला, ताबा मात्र नाही. आमच्या नावावर झालेल्या रानात दुसऱ्याचा उभा ऊस. मोजणीवाले आले की हद्दीचे दगड रोवायचे, ते गेले की रात्रीत दगड गायब. यात मूळ गावाला वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. लहानपणी मीही म्हणायची. पण त्या घरात सून म्हणून गेल्यावर दुसरी बाजू दिसली. धरणाचं पाणी मिळणाऱ्या लाभक्षेत्रात ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जमीन ज्यांची होती, त्यांची वरची जमीन आमच्यासाठी काढून घेतलेली. माझ्या आजेसासऱ्यांची, आबांची, तीन एकर गेली. त्यांनी ती स्वतः फोडलेली, दगड वेचून केलेली. ज्याच्या हातून रान गेलं त्याला 'राज्याच्या हितासाठी' हा शब्द फार पोकळ वाटतो. आम्हालाही डोंगरात तोच शब्द ऐकवला होता.

आणि साहजिकच, द्यायचीच तर कुणी चांगली देत नाही. आमच्या वाट्याला आली ती बहुतेक ओढ्याकडची खोलगट काळी रानं. घरांसाठी जागा मात्र वर माळावर, मुरमाड, उंच. त्या वेळी बायका कुरकुरायच्या, पाण्याला केवढं खाली जावं लागतं म्हणून.

आल्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबा गेले. वसाहतीतलं पहिलं मरण. नकाशावर स्मशानभूमी होती, जागेवर नव्हती. अठरा नागरी सुविधांची यादी आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ: पिण्याचं पाणी, शाळा, रस्ते, गटारं, वीज, समाजमंदिर, स्मशान. त्यातली तोवर वीज आणि एक हातपंप एवढंच झालेलं. गावच्या स्मशानात न्यायचं तर आधी विचारावं लागणार. आप्पा आणि चुलते विचारायला गेले. सकाळी आठला गेलेली माणसं दुपारी एकला परत आली. नाही असं कुणी म्हणालं नव्हतं, हो असंही म्हणालं नव्हतं. "पंचांना विचारून सांगतो" म्हणून बसवून ठेवलेलं. शेवटी नदीच्या काठाला, वाळूत, उघड्यावर आजोबांना अग्नी दिला. आजी त्या दिवशी म्हणाली, "ज्या मातीत आपला माणूस न्हाय, ती माती आपली न्हाय. आता झाली." माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता. स्मशानाची शेड पुढं बारा वर्षांनी झाली.

शेतीतली पहिली चूक आप्पांनी पहिल्याच मृगाला केली. डोंगरात पाऊस पडला की नांगर धरायचा, वाट बघायची नाही, नाहीतर माती वाहून जाते. इथंही त्यांनी तेच केलं. पहिल्या दमदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी औत घेऊन रानात. आमची बैलं डोंगरातली, लहान चणीची, गुडघ्यापर्यंत रुतली. नांगराला गोळ्याच्या गोळा चिकटून निघायचा. चार दिवस हाल करून नांगरट केली आणि मग उघडीप पडली. ती ढेकळं विटेसारखी भाजली. कुळव फिरेना, डिखळ फुटेना. आप्पा आणि आई मोगरी घेऊन एकेक ढेकूळ फोडत होते, हाताला फोड आलेले.

बांधावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला तांबडा फेटा, हातात काठी. बराच वेळ बघत राहिला. मग आत आला, आप्पांच्या हातातली मोगरी काढून बाजूला ठेवली. "आरं, रानाला वापसा तरी येऊ दे की," म्हणाला. आप्पांना शब्द कळला नाही. डोंगरात त्याची कधी गरजच पडली नव्हती.

त्यानं पुढच्या पावसानंतर पुन्हा येतो असं सांगितलं आणि खरंच आला. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते. त्यानं वीतभर खोल माती उकरली, मुठीत घेऊन दाबली, लाडू केला. छातीइतक्या उंचीवरून खाली सोडला. लाडू पडला आणि तसाच राहिला. "आज न्हाय," म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. लाडू थोडा चेपला. तिसऱ्या दिवशी लाडू पडला आणि भुगा होऊन पसरला. "आता धर औत. आज आन् उद्या. परवा न्हाय." काळ्या रानाला वाफसा असतो तो दोन दिवस. मातीच्या कणांत पाणीही आणि हवाही, दोन्ही जागच्या जागी. त्याच्या आधी गेलं तर चिखल, त्याच्या नंतर गेलं तर दगड.

तो म्हातारा म्हणजे आबा. त्यांचीच तीन एकर आमच्या वसाहतीत वाटली गेली होती, आणि आप्पा उभे होते तो तुकडा त्यातलाच. माझ्या लग्नानंतर एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही का सांगायला गेलात? ते म्हणाले, "रान माझ्या हातनं गेलं. रानाचा काय गुन्हा? त्याची दशा बघवंना." माणुसकी, मोठं मन असले शब्द त्यांनी वापरले नाहीत. त्यांना ती मातीच बघवत नव्हती.

पुढची पंधराएक वर्षं चढती होती. भुईमूग, सोयाबीन, शाळू, आणि नदीवरून उपसा पाण्याची योजना झाल्यावर ऊस. शेडच्या जागी विटांची घरं झाली, मग स्लॅब पडले. वाघजाईला देऊळ झालं. आष्ट्याच्या बाजारात 'धरणग्रस्त' म्हणून उधारी न देणारे दुकानदार नावानं हाक मारायला लागले. वसाहतीतली निम्मी पोरं मुंबईला माथाडीत होती, त्यातली काही परत आली, आणि परत येण्यासारखं काहीतरी इथं आहे हेच आम्हाला केवढं वाटायचं. २००२ साली माझं लग्न ठरलं, ओढ्यापलीकडे. दोन्ही गावांतली पहिली सोयरीक. मामंजी बैठकीत म्हणाले होते, "पोरगी चांगली हाय, गाव कुठलं का असंना." आप्पांना ते वाक्य लागलं होतं. आठवडाभर त्यांनी मला ते कळू दिलं नाही.

आणि मग म्हैस बांध चाटायला लागली.

आता मागं वळून बघितलं की चूक स्पष्ट दिसते. काळी चिकण माती, खोलगट रान, निचऱ्याला वाट नाही, आणि उसाला पाट सोडून पाणी. जितकं मिळेल तितकं. ज्यांच्या आयुष्यात पाणी फक्त नेण्यासाठी आलं होतं, त्यांना पहिल्यांदा स्वतःचं पाणी मिळालेलं. ते कसं मोजून द्यायचं हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार? वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी खाली साठत गेलं, भूजल वर चढत मुळांपर्यंत आलं. उन्हाळ्यात ते पाणी मातीतून वर ओढलं जायचं, हवेत उडून जायचं आणि क्षार वरती ठेवायचं. ऊस पिवळा पडला की आप्पा म्हणायचे, ताण बसला, पाणी द्या. म्हणजे ज्यानं दुखत होतं तेच औषध. ज्या रानात वाफसा ओळखायला शिकलो त्या रानाला वाफसाच येईना. बारमाही ओल. एकरी पन्नास-साठ टन काढणाऱ्या तुकड्यात पंधरा टन, मग नुसतं पानकणीस आणि लव्हाळा.

माती तपासली. सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर गेलेला. क्षारपड आणि काही भाग चोपण, म्हणजे ओली असताना चिकट आणि वाळली की दगड होणारी. तपासणाऱ्या साहेबांनी नीट समजावलं. जमिनीखाली चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे, त्यांना बारीक जाळीचं आवरण, ते सगळे एका मोठ्या पाइपला जोडायचे आणि ती पाइप उतारानं ओढ्यापर्यंत न्यायची. खालचं पाणी पाइपांत उतरतं, पावसाचं पाणी क्षार धुऊन नेतं, दोन-तीन वर्षांत जमीन पुन्हा धरते. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे केलंय. आम्ही जाऊन बघून आलो. जिथं गवत उगवत नव्हतं तिथं डोक्यावर ऊस उभा होता. आप्पा तिथल्या चेंबरचं झाकण काढून कितीतरी वेळ खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत बसले होते.

अडचण एकच, पण मोठी. हे एकट्यानं करता येत नाही. विहीर एकट्याची असते, बोअर एकट्याचं असतं, निचरा एकट्याचा नसतो. वरच्यानं पाइप टाकले आणि खालच्यानं वाट दिली नाही तर पैसे मातीत. पाणी वाटून घेण्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही तर माणशी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही हे नियमातच. आमच्या बैठकीत एका शिकलेल्या पोरानं हे सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं गप्प झाली. ऊस लावायचा नाही हा नियम आम्ही पंधरा वर्षांपूर्वी पाळला असता तर ही बैठकच घ्यावी लागली नसती. कमी पडलेलं पाणी वाटायला निदान घेणारे पुढं येतात. जास्त झालेलं पाणी बाहेर काढायला कोण पुढं येणार? माझ्या मते शेतकऱ्यांच्या एकीची खरी परीक्षा तिथं होते.

वसाहतीतली चाळीसेक खाती होती. त्यातल्या अकरा जणांचा पत्ता मुंबईचा. सहीसाठी त्यांच्या मागं फिरण्यात दोन वर्षं गेली. बँकेकडे गेलो तर सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', तारण ठेवायचं तर आधी परवानगी, परवानगीसाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात. पस्तीस वर्षं कसलेल्या जमिनीवर माणूस अजून पाहुणाच. ही नोंद जमीन विकून लोक रस्त्यावर येऊ नयेत म्हणून आहे हे मला कळतं, आणि काही घरांना तिनं वाचवलंही. पण तीच नोंद जमीन जगवायलाही आड येते तेव्हा फार चीड येते. शेवटी निम्म्या लोकांनी सोनं मोडलं. आईच्या पाटल्या त्यात गेल्या.

आणि मोठी पाइप ओढ्यापर्यंत न्यायची तर मूळ गावाच्या तीन रानांतून जावी लागत होती. त्यातलं एक आमचं. म्हणजे माझ्या सासरचं.

भाऊ आणि आप्पा आमच्या घरी आले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी चहा ठेवला. बाहेर ओसरीवर बोलणं चाललेलं, आणि मी चुलीपाशी उभी, कोणत्या बाजूनं ऐकू हे न कळून. मामंजी शांतपणे म्हणाले, "एकदा रान दिलं. आता उरलंय त्याच्या पोटातनं नळी घालू म्हणता?" आप्पा काहीच बोलले नाहीत. चहा घेतला, टोपी घातली आणि उठले. त्या रात्री मी जेवले नाही. मामंजींवर राग धरावा तर तोही धरता येईना, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

असं तीन वर्षं चाललं. मन वळलं ते कुणाच्या भाषणानं नाही. आमच्या ओढ्याकडच्या पट्ट्यात, मामंजींच्याच रानात, एका फेब्रुवारीत ती पांढरी साय आली. ती चाखून बघा असं मीच त्यांना म्हणाले. त्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता ते वसाहतीत गेले, आयुष्यात पहिल्यांदा बोलावणं नसताना, आणि वाघजाईच्या देवळाच्या पायरीवर बसून माझ्या आईला म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या नळीत आमचंबी पाणी घेता येईल का?" आई म्हणाली, "पाव्हणं, पाण्याला कुठं म्हाईत कुणाचं हाय ते." बाकीच्या दोघांपैकी एक महिन्याभरानं तयार झाला. दुसरा शेवटपर्यंत नाही झाला. त्याला वळसा घालून पाइप नेली, त्यात खर्च वाढला आणि वरच्या टोकाची सहा खाती उतार न मिळाल्यानं बाहेर राहिली. त्यांची रानं अजून पांढरी आहेत. योजना यशस्वी झाली असं कुणी म्हटलं की मला ती सहा घरं आठवतात.

काम झालं २०१७ च्या उन्हाळ्यात. चर खणायला पोकलेन आला. चार फुटांवर पोचायच्या आधीच चरात पाणी पाझरायला लागलं, भर मे महिन्यात. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी ओढ्याच्या तोंडाशी पाइप वाहायला लागली. दोन्ही गावांतली माणसं बघायला जमलेली. पाणी स्वच्छ दिसत होतं, अगदी पिण्यासारखं. आईनं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली, त्या म्हशीच्या दिवशी थुंकली होती तशीच. पण या वेळी हसली.

दुसऱ्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला, ऊस लावला नाही. काढणीनंतर रानात प्रथमच भेगा पडल्या. काळ्या रानाला भेग पडते म्हणजे ते श्वास घेतंय. आप्पा त्या भेगेत काठी घालून किती खोल गेली ते बघत होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णा, वारणा, पंचगंगा सगळ्याच पात्राबाहेर. ज्या धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव गेलं, त्याच धरणाचे दरवाजे उघडले की वारणा आमच्या दाराशी येते, हा योग सांगून खरा वाटणार नाही. ओढ्याला तुंब बसला आणि पाणी आमच्या गावात, म्हणजे सासरच्या गावात, शिरलं. वसाहत उंच माळावर, बायका पाण्यासाठी कुरकुरायच्या त्या जागी, कोरडी. आम्ही सगळे तिकडे गेलो. शाळेत, समाजमंदिरात, घराघरांत. अठरा सुविधांपैकी त्या दोन इमारतींत साऱ्या गावाची गुरंमाणसं दहा दिवस राहिली. मामंजींना आईनं आमच्या सोप्यात खाट टाकून दिली. त्या दहा दिवसांत आमच्या गावात एक वारलं. कुणी कुणाला विचारलं नाही. वसाहतीच्या स्मशानातच अग्नी दिला, त्या पत्र्याच्या शेडखाली. आप्पा तिथून आल्यावर बराच वेळ अंगणात बसून होते. मी त्यांना काही विचारलं नाही. मलाही आजोबांची वाळू आठवत होती.

पुरानं निचऱ्याचे चेंबर गाळानं भरले. तोंडाची पाइप फुटली. दुरुस्त केली, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. पुन्हा गाळ काढला. काही जणांनी वैतागून सोडून दिलं, एकानं चोरून पुन्हा उसाला पाट सोडला आणि त्याच्या शेजाऱ्याचं रान ओलावलं, त्यावरून भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. वसाहतीला स्वतंत्र ग्रामपंचायत नाही. मागणीचे अर्ज किती वर्षांचे पडून आहेत. भावाचा मुलगा पुण्याला गेला. तो परत येईल का, हे आम्ही कुणी त्याला विचारत नाही. रविवारी एक जण या काठाचा, एक त्या काठाचा असे दोघं मिळून चेंबर उघडून बघतात, एवढा नियम मात्र अजून मोडलेला नाही.

आणि नाचणी. आजीच्या पुरचुंडीतलं बी काळ्या रानात कधी जमलं नाही. पहिल्या वर्षी पेरलं ते पिवळं पडून बसलं. पण आजीनं आणि तिच्यामागं आईनं घरामागच्या मुरमाड तुकड्यात दोन वाफे दरवर्षी केले. खाण्यापुरतंही होत नसे. बी मोडू नये म्हणून फक्त. आम्ही पोरं म्हणायचो, कशाला एवढा खटाटोप.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून नाचणीला विचारणा यायला लागली. आष्ट्यातून, इस्लामपुरातून. आणि निचऱ्याचं रान आता मोकळं झालंय, पाणी साठत नाही. मागच्या जूनमध्ये आईनं वाफ्यात तरवा टाकला आणि जुलैत लावणीला माझ्या सासरच्या चार बायकांना हाक मारली. त्यांच्या हाताला उसाची कांडी लावायची सवय, रोप धरताच येईना. आई सत्तरीत आहे, वाकता येत नाही फार. ती सरीत बसूनच दाखवत होती. रोप दोन बोटांत, मूळ सरळ, अंगठ्यानं एकदाच दाबायचं, दुसऱ्यांदा दाबलं की माती आवळते. मामंजी बांधावर उभे राहून बघत होते, बरोबर त्याच बांधावर.

लावण दुपारी तीनला संपली. टोपल्यात मूठभर रोपं उरली होती. मी ती टाकून द्यायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "टाकू नगं. मामंजींच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात चिकटव. वापसा हाय आज तिकडं, मी सकाळी बघितलंय."